मिशीवाली सेनापती

दातांच्या डॉक्टरांना जुन्या नटनट्यांचे फोटो जमवायचा नाद होता. नाद कसला, वेडच. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा पिवळ्या पडलेले राजे, राण्या, खलनायक आणि विदूषक दवाखान्यातून घरात, घरातून थेट बेडरूममध्ये घुसले होते. बायको त्या सगळ्यांना 'माझ्या सवती' म्हणायची. विदूषकांनासुद्धा.

सासूबाई मात्र काहीच म्हणत नसत. त्या फक्त नाक मुरडत. नवरा गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या. जेवताना कुणी खो खो हसलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची. हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो होता. शाळेचे मुख्याध्यापक, कोट, चष्मा आणि आयुष्यभर बद्धकोष्ठ असल्यासारखा चेहरा.

एका रविवारी भंगारवाल्याकडे डॉक्टरांना घबाड मिळालं. फोटोत पल्लेदार मिशांचा सेनापती होता. हातात तलवार, एक पाय खाली पडलेल्या शत्रूच्या छातीवर, आणि तोंड उघडून चक्क हसत होता! त्या काळी फोटो काढायचा म्हणजे लोक घरात सुतक असल्यासारखे बसायचे. डॉक्टरांनी सवयीने आधी दात पाहिले. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता.

डॉक्टरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. हा सुळा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला होता. तेव्हा सासूबाईंनी त्यांचं बोट कडकडून चावलं होतं, असा सुळा माणूस विसरेल कसा?

घरी आल्यावर त्यांनी फोटो गुपचूप सासूबाईंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"मिशी वाकडी लावलीय," त्या म्हणाल्या. "डिंक बरा नव्हता मेला."

"आई!" बायको किंचाळली. "तू नाटकात होतीस?"

"तीन वर्षं. पुरुष पार्टी, पुरुषांचीच कामं करायचे. माझ्यासारखी आरोळी कुणाला जमायची नाही."

"आणि हा खालचा कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी हॉलमधल्या कोट-चष्म्याकडे हनुवटी उडवली. "हे. रोज मरायचे माझ्या हातून. एकदा मेल्यावर शिंकले, तर अख्खं थिएटर लोळलं. त्याच रात्री लग्नाचं विचारलं त्यांनी. पुढं शाळेत नोकरी लागली आणि अब्रूला जपू लागले. मला म्हणाले, आता कुणाला सांगू नकोस. मीही गप्प बसले, गाढवासारखी."

मग त्या उठल्या, मुख्याध्यापकांना खिळ्यावरून उतरवलं आणि तिथं सेनापती लटकवला.

बायको डोक्याला हात लावून बसली. "अगं आई, पाहुणे काय म्हणतील? बाबा असे उताणे पडलेले!"

"म्हणू देत. यात निदान ते हसतायत."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. खरंच, छातीवर पाय असलेला शत्रू ओठ दाबून हसू आवरत होता.

संध्याकाळी डॉक्टर पुठ्ठ्यावरची धूळ झटकत होते, तेवढ्यात सासूबाई काठी टेकत दारात आल्या.

"जावईबापू, त्या भंगारवाल्याकडे उद्या मलाही न्या. माझा आणखी एक फोटो होता. घट्ट विजारीतला राजपुत्र." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या बायकोला सापडायच्या आत शोधला पाहिजे."