बासूच्या विहिरीवरचं इंजिन

मी मोटारीचं इंजिन बोलतोय. मोटार शोधू नका. ती मेक्नेस शहरातल्या भंगारवाल्याने केव्हाच कापली. उरलो तो मी. बासूने मला सायसच्या सपाट मुलखात, कांद्याच्या रानात, विहिरीच्या कडेला सिमेंटमध्ये बसवलं. जन्म रस्त्यासाठी, आयुष्य गेलं एका जागी गुरगुरण्यात.

मला पेट्रोल नव्हे, स्वयंपाकाचा गॅस पाजायचे. गरिबाची चूल पेटावी म्हणून सरकार तो स्वस्तात द्यायचं. आमच्याकडे तो विहिरींवरच जास्त जळायचा. भराभर ओढला की सिलिंडरवर बर्फ धरायचं. मग बासू त्याला उपसलेल्या पाण्यात उभा करायचा, म्हणजे बर्फ सुटे आणि मी आणखी पाणी उपसे. यात कुणालाच काही वावगं दिसत नसे.

गॅस संपला की बासू थेट स्वयंपाकघरात.

"अहो, ताजीनच्या भांड्यातली भाजी कच्ची आहे अजून!" बायको इज्जा ओरडायची.

"कांदा तहानलाय."

"मग जेवायलाही कांद्याच्याच घरी जा!"

शेजारचं रान त्याच्या थोरल्या बहिणीचं, तूदाचं. अकरा जर्दाळूची झाडं, थोडा पुदिना आणि एक उथळ विहीर, एवढीच तिची वाटणी. ती दोरीने पाणी शेंदायची. मी दिवसभर चाललो की तिची बादली कोरडी वर यायची.

मग सरकारने गॅसची सवलत कापायला घेतली. बासूने शिव्या हासडल्या आणि निम्मा कांदा लावला. मी दिवसाआड विसावू लागलो. तूदाच्या विहिरीत पाणी चढलं. तेवढा एक हंगाम बरा गेला.

पण त्याच सरकारने सौर पंपाला अनुदान दिलं. बासूने मला उपटून गोठ्यात टाकलं. केस पिकले म्हणून अक्कल पिकतेच असं नाही. ऊन फुकट, म्हणून त्याने पंप कधी बंदच केला नाही. दुप्पट कांदा लावला, प्लास्टिक अंथरून तळं भरलं. तळ्यातलं निम्मं पाणी ऊनच पिऊन टाकायचं.

तूदा आली. "बासू, शुक्रवारचा एक दिवस तरी बंद ठेव रे. झाडं करपताहेत."

"ताई, ऊन देवाचं आहे. त्याला मी नको कसं म्हणू?"

"ऊन देवाचं असेल. खालचं पाणी दोघांचं आहे."

म्हातारा हसला. दुसऱ्या उन्हाळ्यात सात झाडं वाळली. पाठोपाठ त्याचाही पंप वाळू ओकू लागला. तेव्हा कुठे त्याला बहिणीची विहीर आठवली. ती खोल खणायची आणि वर मला बसवायचं, असं त्याने ठरवलं. तिला विचारलंही नाही.

आज मी गाढवगाडीवर आहे, तूदाच्या बांधाशी. ती विहिरीच्या कठड्यावर बसलीय.

"ऊठ ताई, उन्हात कशाला बसतेस?"

"इंजिन ठेवायचंय ना? मग आधी मला उचल."

बासू हात लावायला धजत नाही. गाढव उभं आहे, मीही.

ज्याने किल्ली फिरवली, त्याच्यासाठी मी धावलो. कधी विचारलं नाही, पाणी कुणाचं. आता तुम्हालाच सांगतो: मला गॅस जोडू नका. माझ्यात गंज शिरलाय, त्याला त्याचं काम करू द्या. आणि तिला तिथून उठवू नका.