मधल्या तोंडाचं तीर्थ

त्या नवरात्रात आंधळगावच्या देवीच्या मांडवापेक्षा घनश्याम सेलोकरांच्या अंगणात जास्त गर्दी होती. साल एकोणऐंशी. अंगणात मधोमध उभी होती त्यांच्या वडिलांची काळी विलायती मोटार, मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या काळात घेतलेली. म्हातारे गेले, पाठोपाठ त्यांचा ड्रायव्हर गेला, आणि मोटार गोठ्याच्या बाजूला कोंबड्यांना अंडी घालायला मोकळी झाली. आता त्याच मोटारीला झेंडूच्या माळा होत्या, पुढे नारळांचा ढीग होता आणि बाया चाकांना हळदीकुंकू लावून डोकं टेकत होत्या.

मोटारीत देव आला होता. आणला होता मोटारबाबानं. हा बाबा रायपूरकडून आला होता म्हणे. दाढी छातीपर्यंत, भाषा अर्धी हिंदी आणि आवाज लिलाववाल्याचा.

"मालगुजार की आत्मा इंजन में बैठी है!" तो ओरडायचा. "तीन मुख हैं उसके! बाजूचे दोन यममुख, मधलं गंगामुख! जागो, मालगुजार!"

अशी आरोळी झाली की मोटारीचे दिवे पिवळे उजळत आणि लोक आडवे पडत. आत चाकामागं बाबाचा चेला डोळे मिटून जप करत बसलेला असे. त्याचा एकच हात माळेत असे. दुसरा कुठं आहे, हे पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही.

तीन मुखं म्हणजे बॅटरीची तीन झाकणं. बाबानं आल्या आल्या बॅटरी 'स्नानाला' म्हणून तुमसरला नेऊन आणली होती. तिच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी फुलून यायची, तो झाला अंगारा. बाबाजवळ रबरी फुग्याची एक काचेची नळी होती आणि नळीत एक काडी तरंगायची. माणसाचं नाव घेऊन बाबा एखाद्या मुखातून पाणी ओढायचा. काडी तळाला बसली तर माणूस पुण्यवान. काडी वर आली तर पापी, आणि मग तेच पाणी त्याच्या जिभेवर. जीभ भाजली की निकाल लागला.

पंचफुला सुईणीचा निकाल असाच लागला होता. तिच्या हातून अर्ध्या गावाची पोरं जन्मली होती. तेच अर्धं गाव तिला दगड मारत वेशीपर्यंत पोचवून आलं. ती शहापूरला बहिणीकडं जाऊन पडली.

गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे परसराम गुरुजी तिला तिथं भेटले. रागीट माणूस, वर्गात खडू कमी फेकायचे आणि डस्टर जास्त. पंचफुलानं तोंड उघडून दाखवलं. जिभेची साल निघाली होती आणि ओठाच्या कोपऱ्यावर डाग होता. गुरुजींनी प्रयोगशाळेत असा डाग पोरांच्या बोटांवर पाहिला होता. त्यांनी सायकल काढली, शाळेतून व्होल्टमीटर घेतला आणि तडक सेलोकरांचं अंगण गाठलं.

तिथं त्या दिवशी पाटावर वच्छला बसली होती. घनश्यामची धाकटी भावजय, गेल्या वर्षी विधवा झालेली. दोन बायांनी तिचे दंड धरले होते, आणि मागून तिची सासू शकुनबाई तिची हनुवटी वर करून उभी होती.

"काय केलं हिनं?" गुरुजींनी विचारलं.

"करनी केली जी," शकुनबाई म्हणाली. "माह्या इश्वरवर. पोट धरून लोळून राहिला पोट्टा. नवरा खाल्ली, आता नातवावर डोळा आहे."

पाच वर्षांचा इश्वर, घनश्यामचा एकुलता मुलगा, ओसरीवर बाजेवर पडला होता. चेहरा मातीसारखा, पोट आत गेलेलं. त्याच्या उशाशी तांब्याच्या गडव्यात तीर्थ होतं.

"दवाखान्यात नेलं?"

"दवाखान्यात करनी निघते का, गुरुजी?" घनश्याम हसला. गर्दीही हसली.

बाबानं नळी वच्छलेच्या नावानं डाव्या मुखात बुडवली. फुगा सुटला, पाणी वर चढलं आणि काडी टुणकन वर आली. "पाप तैर गया!" बाबा गरजला. वच्छलेनं तोंड घट्ट मिटलं. शकुनबाईनं तिचं नाक दाबलं. सासूला सून कशी हाताळायची ते ठाऊक होतं.

"थांबा!" गुरुजी मध्ये घुसले. पण पुढं काय बोलायचं हे त्यांनी सायकलवर ठरवून ठेवलं होतं. अक्कल शिकवायला गेलो तर उचलून बाहेर टाकतील, हे त्यांना माहीत होतं. ते घनश्यामकडं वळले. "पाटील, तुमच्या वडलांच्या मोटारीत केवढी शक्ती आहे, ते कुणी मोजलं का? माझ्याजवळ यंत्र आहे. सरकारी आहे."

घनश्यामची मान ताठ झाली. त्याच्या मोटारीची शक्ती सरकारी यंत्रावर मोजली जाणार होती.

"नास्तिक का यंत्र देवता को भ्रष्ट करेगा," बाबा घाईनं म्हणाला.

"काहून भ्रष्ट करन?" घनश्याम म्हणाला. "मोजू द्या ना. आमचे बाबूजी काय लहान आसामी होते?"

गुरुजींनी व्होल्टमीटरच्या तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. काटा चारवर थांबला.

"चार," गुरुजी मोठ्यानं म्हणाले. "या जातीच्या मोटारीत सहा व्होल्टची बॅटरी असते. एकेका झाकणाखाली एक घर, एकेका घराचे दोन, अशी तीन घरं. पाटील, तुमच्या बाबूजींचे दोन व्होल्ट कुठं गेले?"

"कुठं गेले?" घनश्यामनं खरोखरच काळजीनं विचारलं.

गुरुजींनी डाव्या घराला तारा लावल्या. दोन. उजव्या घराला. दोन. मग त्यांनी मधल्या घरावरची झेंडूची माळ बाजूला केली. खाली बोटाएवढी जाड तांब्याची तार एका बाजूच्या शिशाच्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर टाकलेली होती. त्यांनी ती काढली आणि मोजलं. काटा हललासुद्धा नाही.

"हे गंगामुख. हे घर मेलेलं आहे. यातलं मूळचं पाणी ओतून देऊन यानं साधं पाणी भरलं, आणि दिवे लागावेत म्हणून वरून तार टाकली. बाजूच्या दोन घरांत तेजाब, म्हणजे ॲसिड आहे, प्रत्येक बॅटरीत असतं तसं. आणि ही नळी कुठल्याही बॅटरीवाल्याकडं मिळते. तेजाब जड, म्हणून त्यात काडी वर येते. पाणी हलकं, त्यात ती बुडते. कुणाचं पाप वर आणायचं, ते याच्या हातात आहे. झाकण बदललं की निकाल बदलला."

गर्दीत चुळबुळ झाली. बाबानं हात वर केले. "झूठ! विज्ञान का अहंकार!"

"वहिनी, खायचा सोडा आणा घरातला," गुरुजी घनश्यामच्या बायकोला म्हणाले.

दोन वाट्यांत सोडा आला. एकीत मधल्या मुखाचं पाणी टाकलं, तर सोडा मुकाट भिजला. दुसरीत डाव्या मुखाचं टाकलं, तर वाटी फसफसून उतू गेली. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून पाहू लागले.

"आणि अंगारा?" कुणीतरी विचारलं.

"तेजाबानं शिसं-तांबं खाल्लं की ही भुकटी येते. गरम पाण्यानं खुंट्या धुवून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं असतं. तुमचा जुना ड्रायव्हर फिरवायचा. तो असता तर यातून देव निघालाच नसता."

आता गर्दीला कळलं. आणि गर्दीला कळणं म्हणजे काय असतं, ते पाहण्यासारखं होतं. चेला कुंपणावरून उडी मारून धानाच्या बांधीत पळाला. बाबाला चौघांनी आडवा पाडला. दंड धरायला तेच गाव होतं. घनश्यामनं नळी भरली, डाव्या मुखातून, काठोकाठ.

"उघड तोंड! आता तुहं पाप पाहू!"

"मत पिलाओ!" बाबा किंचाळला. "तेजाब है, बाप! गला जल जाएगा, मर जाऊंगा!"

एवढा वेळ पाटावर बसून असलेली वच्छला उठली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"मंग मी काय मरली नसती?" तिनं विचारलं.

तिनं हे बाबाला विचारलं नव्हतं. ती आपल्या दिराकडं पाहत होती. घनश्यामचा हात खाली आला. गुरुजींनी नळी हिसकावून मोटारीच्या चाकावर आपटून फोडली. "घटकाभरापूर्वी तुमची खात्री होती की ही पापी आहे. आता खात्री आहे की हा पापी आहे. दोन्ही वेळा औषध एकच! याला ठाण्यात न्या. आणि पंचफुलेच्या पायावर डोकं ठेवायला कोण कोण येतं, तेही सांगा मला."

लोक बाबाला ओढत न्यायला मात्र उत्साहानं निघाले.

अंगण रिकामं झालं तेव्हा शकुनबाई जवळ आली.

"गुरुजी, बाजूच्या तोंडात तेजाब होता. मधल्यात तं पानीच होतं ना जी? साधं पानी?"

"का?"

"इश्वरले आमी मधलंच देत होतो. बाबा म्हने, करनी उतरते. सकाळ-संध्याकाळ, अंगारा घालून."

गुरुजी बाजेवरच्या पोराकडं पाहत राहिले. त्यांना खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ते बोलले नाहीत.

"आजी, त्या घरात शिशाच्या पट्ट्या असतात. गाळ शिशाचा, अंगाराही शिशाचाच. शिसं म्हणजे विष. यानं पोट आवळतं. जितकं पाजलंत तितकं दुखणं वाढलं असेल."

म्हातारी खाली बसली. जितकं दुखणं वाढलं, तितका तिचा वच्छलेवरचा संशय वाढला होता, आणि जितका संशय वाढला, तितकं तीर्थ वाढलं होतं.

त्याच दुपारी पोराला एसटीनं भंडाऱ्याला नेलं. वाटेत पोर वच्छलेच्या मांडीवर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीर्थाचा गडवा पाहिला आणि कपाळाला हात लावला. पहिलं दुखणं जंतांचं असणार, म्हणाले. एका गोळीत गेलं असतं. रात्री पोराला झटके सुरू झाले. दसऱ्याचं सोनं वाटायच्या दिवशी त्याला गावी परत आणलं, चादरीत गुंडाळून.

सुतकाच्या दिवसांत गुरुजी भेटायला गेले. ओसरीवर माणसं बसली होती. शकुनबाईनं सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले.

"गुरुजी, एक मागतो. पोट्टा करनीनं गेला, असंच राहू द्या ना जी. कोनाले काही सांगू नका. मी याच हातानं पाजली त्याले. मले कसं जगता येईन?"

आत भिंतीशी वच्छला धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

गुरुजींना त्या म्हातारीची दया आली. पण त्यांनी पाय सोडवून घेतले आणि ओसरीवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं बोलले. "नाही, आजी. करणी होती असं म्हटलं, की करणारी लागते. ती आत बसली आहे. पोर तुमच्या हातून गेलं. तुम्ही मायेनं पाजलंत, पण विष पाजलंत."

लोक म्हणाले, मास्तर दगडाच्या काळजाचा आहे. दुःखाच्या घरी असं कुणी बोलतं का? शकुनबाई पुढं त्यांच्याशी कधी बोलली नाही. वच्छला मात्र त्या घरात राहिली, आणि गावात पुन्हा कुणी तिचं नाव तसं घेतलं नाही, कारण खरं काय ते गुरुजींनी अकरा माणसांसमोर सांगून टाकलं होतं.

बाबा तुरुंगातून सुटला की दुसऱ्या गावी दुसरी मोटार शोधेल. ते त्याचं पोट आहे. पाजायला दोन हात मात्र त्याला आपले लागतात. तेव्हा कुणाच्याही तोंडाला काही लावण्याआधी एवढंच विचारा, की यात काय आहे, आणि हे तुला कसं कळलं? उत्तर आरोळीत मिळालं, तर भांडं खाली ठेवा आणि पोराला घेऊन दवाखान्याची वाट धरा.