तीन आठवड्यांपूर्वीची प्रत

आमच्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी सांभाळते. खरी मशिनं दोनच. बाकीची पंधरा त्यांच्या पोटात, नुसत्या प्रोग्रामच्या रूपात चालतात. त्या प्रत्येकाची प्रत रोज मागच्या इमारतीतल्या राखीव सर्व्हरवर जाते. मुख्य सर्व्हरनं मान टाकली तर यानं उभं राहायचं. ऐनवेळी तो उभा राहील ना, हे पाहायला महिन्यातून एकदा एखादी जुनी प्रत चालू करून बघतो. त्याआधी तिचं नेटवर्क मात्र तोडायचं. हे मी नव्या लोकांना घसा फोडून सांगते.

त्या मंगळवारी मीच विसरले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

चालू केलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वीच्या एका सकाळची होती. तिला वाटलं, आजच ती सकाळ. रुग्णांच्या घरी जायचे एक्केचाळीस मेसेज बाकी दिसले, ते तिनं इमानेइतबारे पाठवून दिले. माझ्या लक्षात येईपर्यंत सगळे गेले होते.

मी एकेका घरी फोन करून माफी मागितली. काहींनी हसण्यावारी नेलं, एका बाईनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकच फोन कुणी उचलेना. मुख्य सर्व्हरवर त्या रुग्णापुढे ‘मृत्यू’ अशी नोंद होती.

दुपारी रिसेप्शनवरून बोलावणं आलं. बाकावर एक म्हातारे काका बसले होते, गळ्यात शिंप्याची टेप, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘आपल्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. उद्या घरी सोडण्यात येईल. येताना कपडे आणावेत.’

“चूक माझी आहे, काका,” मी म्हटलं. “जुना मेसेज माझ्या हातून परत गेला.”

“ते कळलं गं पोरी. मी काही भ्रमिष्ट नाही. माझ्या बायकोला मीच पोचवून आलोय. तेव्हाही हाच मेसेज आला होता, अक्षरन् अक्षर. आम्ही दोघांनी मिळून वाचला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.” त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. “आज परत आला. खोटाच असणार, हे ठाऊक होतं. तरी तिचे कपडे काढले, इस्त्री केली. घरी बसवेना.”

मी त्यांच्या शेजारी बसले.

त्यांनी विचारलं, “असा मेसेज पुन्हा येईल का?”

त्यांना धीर द्यावा म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, “नाही काका, आता कधीच येणार नाही. ती प्रत मी कायमची पुसून टाकली.”

तेव्हा कुठे ते रडायला लागले.