हिरड्यावरचं धोतर

रुद्राप्पा ड्रायव्हरने खिंडीत गाडी उभी करून तीनदा हॉर्न मारला आणि कंडक्टर प्रसेनजीत कांबळे दारातून वर बघत राहिला. दिसणार काय, कपाळ? श्रावणातलं धुकं काचेला येऊन टेकलं होतं.

वरच्या धनगरवाड्याला १९९६ सालीही रस्ता नव्हता. आजारी माणूस घोंगड्याच्या डोलीतून खाली आणायला दीड तास लागे आणि मलकापूरची एसटी दिवसातून एकदाच. म्हणून प्रसेनजीतनेच वाड्यावरच्या लोकांशी ठरवलं होतं: डोली निघाली की एकाने पुढे पळत येऊन टेकाडावरच्या हिरड्याच्या झाडाला पांढरं धोतर बांधायचं आणि खांदा द्यायला माघारी फिरायचं. धोतर दिसलं की गाडी थांबणार, मग साहेब मेमो का देईनात. या युक्तीचा त्याला कोण अभिमान. घरी ती इतक्यांदा सांगून झाली होती, की बायको हात जोडायची.

पंधरा मिनिटं झाली. उतारू कुरकुरू लागले, कोल्हापूरची गाडी चुकेल म्हणाले.

"टेकाडावर जाऊन बघून ये की," रुद्राप्पा म्हणाला.

दहा मिनिटांची चढण, त्यात चिखल आणि जळवा. प्रसेनजीतने आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं.

"कोण आसतं तर हॉर्नला वराडलं आसतं," म्हणत त्याने डबल बेल दिली. धोतर बांधणारा झाडाखाली थांबत नाही, हे त्यानेच ठरवलेलं तो सोयीने विसरला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. हिरडा मोकळा होता. खिंडीत बनाबाई धनगरीण एकटीच उभी होती. तिची सून तानी बाळंतपणात अडली होती, हे तिने गाडीत चढल्यावर सांगितलं. काल डोली रस्त्याला टेकली, तेव्हा चिखलात चाकांच्या खुणा ताज्या होत्या. अंधार पडेपर्यंत दुसरं वाहन आलं नाही. तानी गेली, बाळ पोटातच राहिलं. आता बनाबाई तिच्या माहेरी कळवायला निघाली होती.

"धोतर बांधलंतं आमी. दिसलं न्हाय व्हय?"

धुक्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. धुकं होतंच.

"मी वर बघायला गेलोच न्हाय, मावशी."

बनाबाई समोरच्या सीटवर टेकली.

"तेच धोतर घातलं तिच्या अंगावर," ती म्हणाली. मग कनवटीची चिल्लर काढून तिने हात पुढे केला. "मलकापूरचं एक दे."

त्याने तिकीट फाडून दिलं.

नंतरची बारा वर्षं प्रसेनजीत हीच फेरी मागून घेत राहिला. ऊन असो, धुकं असो, खिंडीत उतरून तो टेकाड चढायचा आणि हिरड्याची फांदी हाताने चाचपून बघायचा. उतारू शिव्या घालत. खाली येऊन तो पायरीवर बसायचा, बुटातल्या जळवा काढायचा आणि मगच डबल बेल द्यायचा.