वहीत नसलेला सामना

करंगळीखालचा घट्टा सालीसारखा सुटत होता — तीन महिने हातात रॅकेट नाही, म्हणजे हात स्वतःहूनच विसरायला लागला की काय... मयुरीने तो सोलता सोलता पुन्हा फोनकडे पाहिलं. जिंकलेले सामने एकशे अठरा, हरलेले एकशे बेचाळीस. सर्वोच्च क्रमांक चारशे सहा. टेनिस प्रशिक्षकाच्या नोकरीच्या अर्जात हेच भरायचं होतं. बारा वर्षं, दोनदा चिरलेला गुडघा, आणि उरल्या या तीन ओळी.

खात्री करावी म्हणून तिने बाबांची वही उघडली. बाबा, म्हणजे रुपराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते. पाळी संपवून प्रताप नगरला घरी आले की लेकीचा प्रत्येक स्कोअर उतरवून ठेवायचे, हरली तरी समासात ‘सर्व्हिस चांगली’ असं काहीतरी. वहीत पराभव एकशे एक्केचाळीसच. तिने तारखा जुळवल्या, आणि बोट थांबलं ते सात वर्षांपूर्वीच्या मार्चवर. तुर्कस्तान, पहिली फेरी, १–६, ०–६. तो सामना वहीत नव्हता.

त्या सकाळी सामन्याआधी तिने फोनवर आजारी आईची चौकशी केली होती. बाबा म्हणाले होते, “झोपली हाये वं. तू खेळ.” आई पहाटेच गेली होती... आणि ती तिकडे एका सोप्या फोरहँडसाठी रडत होती — फोरहँडसाठी! हे तिने बाबांना कधी माफ केलं नव्हतं. स्वतःला तर नाहीच.

बाबा गॅलरीत भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत बसले होते.

“बाबा, तुर्कस्तानची मॅच काहून नाही लिहिली?”

त्यांनी मान वर केली नाही. “लिहिली असती तं तारीख टाका लागली असती.”

“पण मले तेव्हाच सांगितलं काहून नाही?”

“तिनंच बजावलं होतं. आदल्या दिवशी म्हणे, माह्यं काही झालं तं पोरीले मॅच झाल्यावरच सांगजा.” हात थांबले. “मंग ती गेल्यावरही मी मोबाइल घेऊन तिच्यापाशीच बसलो, स्कोअर पाहत. एक गेम जिंकली तू, तं सांगतलंही तिले.”

मयुरी उंबऱ्यावरच बसली. कोणता गेम होता तो — पहिलाच, की तीन हरल्यानंतरचा? त्या सामन्यातला गमावलेला एकेक गुण तिला पाठ होता, वारा कुठून येत होता तेसुद्धा. तो जिंकलेला गेम मात्र काही केल्या आठवेना. तिने नेहमीचा राग चाचपून पाहिला... तोही जागेवर नव्हता, आणि त्याच्याशिवाय बाबांकडे कसं पाहायचं हे तिला कळत नव्हतं.