पायपेटीचा मधला सा

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, जागा अडवते म्हणा, चालेल. पण माझी कीव करायला याल तर याद राखा!

मला घडवणारा कारागीर मोठा हट्टी होता. पितळेची एकेक पाती तो कानाशी धरून घासायचा आणि मनासारखी बोलली नाही की पुन्हा घासायचा. पुढे मी गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे आले. त्यांनी पायाने भाता मारायचा आणि मी गायचं, असा आमचा संसार. शिकायला येणारी मुलं पट्ट्यांवर दाणदाण हात आपटायची, तेही मी सोसलं. माझ्या मधल्या सप्तकावर बाईंचा फार जीव. भलती बेसूर मुलंही त्याला धरून सुरात यायची.

आता बाई लेकीकडे राहायला निघाल्या. तिथे कपाट ठेवायला जागा नाही, तर मी कुठली मावते! निदान माझा आवाज तरी बाईंसोबत जावा, म्हणून त्यांच्या भाच्याने तो कीबोर्डात भरायचं ठरवलं. डावीकडे एक माइक, उजवीकडे एक. मी एकेक सूर जीव ओतून दिला. हेडफोन लावून ऐकताना भाचा खूश होता. मग बाईंचा कीबोर्ड आणला, त्याला एकच स्पीकर, दोन्ही बाजू त्यातूनच एकत्र वाजणार. खालचे सूर ठीक, वरचे ठीक, आणि मधले? बंद डब्यात कुणी कण्हावं तसे.

“अगं मावशी, पेटी थकली,” भाचा म्हणाला. “मधले सूर मेलेत. दुसऱ्या पेटीचे तयार मिळतात, ते घालतो. कुणाला कळणार नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या पेटीचे सूर माझ्या पोटात?

“मला कळेल ना,” बाई म्हणाल्या. त्यांनी भाता मारून मधला सा दाबला. खोली भरून गेली. “ही मेली होय रे? आधी तुझी वायर बघ.”

“माझ्या वायरीला काही बोलू नकोस हं. स्वतःच्या हाताने डाग देऊन केलीय.”

“म्हणूनच म्हणते.”

तोंड पाडून त्याने कॉम्प्युटरवर उजवी बाजू बंद केली. सा ठणठणीत! मग डावी बंद केली, तरी ठणठणीत. दोन्ही एकत्र केल्या की गायब. शेवटी त्याने वायर उघडली, तर आत दोन तारा उलट जोडलेल्या. एकाच दाराला दोघांनी दोन्हीकडून जोर लावावा, तशा माझ्या दोन बाजू भांडत होत्या. मधला सूर दोन्ही माइकांत सारखाच शिरतो, म्हणून नेमका तोच मारला जात होता. भाच्याने कॉम्प्युटरवर एक बाजू उलटी करून घेतली आणि पुन्हा कीबोर्ड वाजवला. माझा सा, माझ्याच आवाजात, ताठ उभा! बाईंनी डोळे पुसले. भाच्याने कान धरले, पण माझा राग काही गेला नाही.

आत्ता दारात सुतार आलाय, माझ्या फळ्या नेऊन कुणा गिऱ्हाइकाचं कपाट करायला. “बंदच पडलीय ना?” त्याने विचारलं. बाई माझ्यापुढे बसल्या, आणि आम्ही दोघींनी असे काही सूर सोडले की त्याच्या हातातली करवत खाली आली.

मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी आपल्या हातचं काम एकदा उघडून बघत जा. माझ्यावर करवत चालवायची तर खुशाल चालवा. पण बंद पडली होती म्हणून मोडली, असं कुणाला सांगू नका.