गाडीचं पाणी कुठं जातं

माझी नजर अधू झाली तेव्हा माझी जुनी गाडी व्याह्यांनी घेतली. गाडी देताना सगळ्यांदेखत बोनेटवर थाप मारून मी म्हणालो होतो, "व्याही, हिच्यात पाणीसुद्धा बघायला नको." माणसानं जीभ जरा आवरावी. थोड्याच दिवसांत गाडी नेमकं पाणीच प्यायला लागली.

लेकीचा फोन आला. "बाबा, मामंजी बोलत काही नाहीत. पण गरमीचा काटा वर चढला की माझ्याकडे बघतात."

"काटा बघायचा सोडून तुझ्याकडे?"

"हो ना. जसं काही तापले मीच."

मी व्याह्यांना घेऊन माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. तो गाडीखाली शिरला आणि कोरडा हात दाखवत बाहेर आला. खाली थेंब नव्हता. मग रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून त्यानं आत हवा दाबली. पंपावरची सुई हळूहळू उतरू लागली.

"पाणी जातंय, काका. पण दिसत नाही. इंजिनच्या आत जळत असेल तर इंजिन खोलावं लागेल."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेक कशाबद्दल बोलत होती ते मला तेव्हा कळलं.

"एवढं खोलायचंच असेल," ते फार गोड आवाजात म्हणाले, "तर गाडी तुमच्या दारात उभी केलेली बरी. तुमचा जीव आहे तिच्यावर."

गाडी परत आली असती, त्याचं मला काही नव्हतं. पण लेकीला त्याच घरात राहायचं होतं, आणि ही गोष्ट प्रत्येक पाहुण्यापुढे चहाबरोबर आली असती.

मिस्त्रीनं पाण्याच्या टाकीवर काळ्या पेनानं रेघ मारली. "आधी किती जातंय ते बघू. रोजच्यासारखी चालवा. टाकीला कुणी हात लावायचा नाही."

आठवड्यानं सगळे पुन्हा जमलो. लेक आणि विहीणबाईही आल्या होत्या. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, टाकी पुसली, पुन्हा पाहिली.

"काका, पाणी वाढलंय."

"वाढलंय म्हणजे?"

"रेघेच्या वर आलंय. पाणी पिणाऱ्या गाड्या खूप पाहिल्या. दुभती गाडी ही पहिलीच."

व्याह्यांनी घसा खाकरला. "मी सकाळी जरासं ओतलं. म्हटलं, यांना उगाच वाईट वाटायला नको."

मीही लेकीला भेटायला म्हणून जाऊन, येताना एक बाटली रिकामी करून आलो होतो. ते सांगितलं. लेक खाली बघत म्हणाली, "मी पण घालते. मामंजी उठायच्या आधी."

"रोज?" मिस्त्रीनं विचारलं.

"रोज."

मिस्त्री एका टायरवर बसला. "तुम्ही एकमेकांची मनं सांभाळताय, आणि मी इंजिन खोलायला निघालो होतो." त्यानं टाकीच्या झाकणाला तार बांधली. "आता कुणाला माया आली तर ती मनात ठेवा. बसा सगळे. मी चालवतो."

विहीणबाई पुढे बसल्या. मागं बसलं की त्यांना गरगरतं. गाडी हलताच त्यांनी चुलत नणंदेच्या घराची हकीगत सुरू केली. बाहेर गारठा होता म्हणून हीटर लावला, आणि समोरची काच आतून धुरकटली.

"हे असं होतं बघा," मागून व्याही म्हणाले. "हिनं तोंड उघडलं की काच जाते. मी तर फडकंच ठेवलंय."

खरंच दारात फडकं होतं. मिस्त्रीनं काचेवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. "तेलकट आहे. वासही गोडसर येतोय."

"तो हिच्या डोक्याच्या तेलाचा."

"काकू, जरा गप्प बसाल?"

विहीणबाई गप्प बसल्या. लेकीच्या लग्नापासून मी हे प्रथमच पाहत होतो. काच मात्र धुरकटतच राहिली. मिस्त्रीनं हीटर बंद केला, तसं धुरकटणं थांबलं. त्यानं गाडी कडेला घेतली.

"काकू, पायाखाली ओलं लागतं का?"

विहीणबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाय उचलले. खाली घडी घातलेला टॉवेल होता आणि त्याच्याखाली प्लास्टिकची पिशवी.

"लागतं की. केव्हापासून. घरी गेल्यावर मोजे पिळते मी."

"मग बोलली का नाहीस?" व्याह्यांनी विचारलं.

"सुनेच्या वडिलांची गाडी. पायाला ओल लागली म्हणून नावं ठेवू? पोरीला काय वाटलं असतं?"

मागून लेकीनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या बाईच्या बोलण्यावर आम्ही सगळं खापर फोडलं, तिनं बोलायची तेवढी एकच गोष्ट पोटात ठेवली होती.

मिस्त्रीनं पायाखालचं कार्पेट उचललं. खालची गादी पिळली, तर फिकट हिरवं पाणी निघालं. "डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो फुटलाय. पाणी गादीत मुरतं, म्हणून खाली थेंब नाही. राहिलेलं वाफ होऊन काचेवर बसतं. इंजिन ठणठणीत आहे."

मग गॅरेजमध्ये डॅशबोर्ड निघाला, छोटा रेडिएटर नवा बसला. आम्ही मायेनं ओतलेलं साधं पाणी सगळं काढून मिस्त्रीनं इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट नीट भरलं. कार्पेट गॅरेजच्या फाटकावर वाळत पडलं. शेवटी त्यानं पुन्हा पंप लावला. व्याही त्या सुईसमोर बराच वेळ उभे राहिले. सुई हलली नाही.

परतताना व्याही चालवत होते. चुलत नणंदेची हकीगत राहिली होती तिथून पुढे सुरू झाली. काटा मधोमध होता, तरी सवयीनं व्याह्यांनी आरशातून लेकीकडे पाहिलं.

"मामंजी," लेक म्हणाली, "रस्त्याकडे बघा."

विहीणबाई बोलता बोलता थांबून खळखळून हसल्या. काच स्वच्छच राहिली. निघताना व्याह्यांनी माझ्याकडे दिलेलं काचेचं फडकं मांडीवर घेऊन बसलेल्या मला ते कुठं ठेवावं कळेना.